नाबोथाच्या मळ्यातील उत्सव

२६ जानेवारी ही तारीख आपणां भारतीयांच्या पदरात आकाशातून पडलेली नाही. डिसेंबर १९२९ मध्ये रावी नदीच्या तीरावर, लाहोर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेथे पूर्ण स्वराज्याचा ठराव संमत झाला आणि २६ जानेवारी १९३० रोजी देशभर गावोगावी लोकांनी स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली. पुढे राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली गेली, तरी तिचा पूर्ण अंमल दोन महिने लांबवून २६ जानेवारी १९५० पासून सुरू करण्यात आला. त्या जुन्या प्रतिज्ञेचा मान राखावा, हा त्यामागील हेतू होता. म्हणजे आपल्या प्रजासत्ताकाची तारीख विचारपूर्वक निवडलेली आहे, आणि परक्या साम्राज्याचा ध्वज आम्हांस मान्य नाही, हा तिचा अर्थ आहे.

योगायोग असा की पृथ्वीच्या दुसऱ्या गोलार्धात आणखी एक राष्ट्र याच तारखेस आपला राष्ट्रीय दिन साजरा करते. तेथे मात्र तारखेचा अर्थ नेमका उलटा आहे. २६ जानेवारी १७८८ रोजी कॅप्टन आर्थर फिलिप याने सिडनीच्या खाडीकाठी ब्रिटिश साम्राज्याचा ध्वज उभारला, बंदुकांच्या फैरी झाडल्या, राजाच्या आरोग्याचे प्याले रिचवले. तो प्रसंग म्हणजे 'ऑस्ट्रेलिया डे'. आपण ज्या दिवशी साम्राज्याचा ध्वज नाकारल्याचा आनंद करतो, त्याच दिवशी तेथील आदिवासींनी तोच ध्वज आपल्या भूमीत रोवल्याचा आनंद करावा, अशी अपेक्षा धरली जाते. ते तसा आनंद करू शकत नाहीत. ते या दिवसास आक्रमणाचा दिवस म्हणतात, शोकदिन म्हणतात. आणि हा राष्ट्रीय दिन दुसऱ्या तारखेस न्यावा अशी मागणी गेली कित्येक वर्षे होत आहे.

हा प्रश्न दूरचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांची मुले, सुना, जावई आज मेलबर्न, सिडनी, पर्थ येथे आहेत. २०२१ च्या तेथील जनगणनेनुसार भारतात जन्मलेले ६,७३,३५२ लोक त्या देशात राहत होते. परदेशात जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडच्या खालोखाल हा आकडा तेव्हा भारताचा होता. नागरिकत्वाची शपथ देण्याचे मोठमोठे समारंभ तेथे २६ जानेवारीसच होतात. हातात छोटा ध्वज आणि प्रमाणपत्र घेतलेली आपल्या मुलांची छायाचित्रे आपण कौतुकाने शेजाऱ्यांना दाखवतो. ते कौतुक योग्यच आहे. परंतु ज्या दिवशी आपले मूल त्या घरात पाहुण्याचे घरधनी होते, त्याच दिवशी त्या घराचा मूळ धनी उंबरठ्याबाहेर उभा राहून रडत असेल, तर त्याची विचारपूस न करणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही.

म्हणून माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट करतो. ही तारीख बदलली पाहिजे. आणि ती बदलावी असे म्हणण्यात कॅथॉलिक माणसाने, मग तो तेथे जन्मलेला असो वा येथून गेलेला असो, सर्वांच्या पुढे असले पाहिजे.

प्रथम हे पाहू की त्या दिवशी झाले काय. अकरा जहाजांचा ताफा १३ मे १७८७ रोजी इंग्लंडच्या पोर्टस्मथ बंदरातून निघाला. त्यात सातशेहून अधिक कैदी होते. ज्या भूमीवर तो ताफा उतरला, ती भूमी ओसाड नव्हती. किमान पन्नास हजार वर्षे तेथे मनुष्यवस्ती होती, अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. मंगो नावाच्या आटलेल्या सरोवराकाठी १९६८ मध्ये एका स्त्रीचे दहन केलेले अवशेष सापडले. ते सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीचे आहेत. आपल्या मृतांना विधिपूर्वक निरोप देणारा समाज तेथे अब्राहामाच्याही कितीतरी आधी नांदत होता. तरीही त्या लोकांशी ना करार झाला, ना खरेदीखत. शेजारच्या न्यूझीलंडमध्ये ६ फेब्रुवारी १८४० रोजी माओरी प्रमुखांशी निदान वायटांगीचा करार तरी झाला. पुढे तो कितीही मोडला गेला, तरी कागदावर दोन पक्ष होते. ऑस्ट्रेलियात एकच पक्ष होता. कायद्याच्या लॅटिन परिभाषेत पुढे त्यास 'तेरा नुल्लिउस' म्हटले गेले, म्हणजे कोणाच्याही मालकीची नसलेली भूमी. आपल्या भाषेत सांगायचे तर, सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून शेतात पिढ्यान्‌पिढ्या राबणारा माणूसच नाही असे ठरवणे. वसईच्या पट्ट्यात ज्यांनी जमिनीचे व्यवहार पाहिले आहेत, त्यांना या युक्तीचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाही.

पुढील वर्षीच, १७८९ मध्ये, सिडनीच्या आसमंतात देवीची साथ आली आणि तेथील आदिवासींचा फार मोठा भाग तीत नष्ट झाला. त्यानंतर कुरणांसाठी कत्तली झाल्या. १० जून १८३८ रोजी मायॉल क्रीक येथे किमान अठ्ठावीस निःशस्त्र आदिवासींना, त्यांत स्त्रिया व मुलेही होती, ठार करण्यात आले. त्या गुन्ह्यासाठी सात गोऱ्या माणसांना फाशी झाली, म्हणून तो इतिहास लिहिला तरी गेला. त्याच वर्षी, २६ जानेवारीस, वसाहतीच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी, सिडनीत जल्लोष चालू असताना उत्तरेकडे वॉटरलू क्रीक येथे घोडेस्वार पोलिसांनी आदिवासींवर गोळ्या चालवल्या. किती मेले याविषयी इतिहासकारांत आजही वाद आहे. मेले याविषयी नाही.

येथे मला जुन्या करारातील नाबोथाची आठवण होते. राजे यांच्या पहिल्या ग्रंथाचा एकविसावा अध्याय वाचकांनी घरी उघडून वाचावा. इज्रेल येथे राहणाऱ्या नाबोथाचा द्राक्षमळा राजा अहाबाच्या वाड्याला लागून होता. राजाला तो भाजीच्या बागेसाठी हवा होता. राजा मोबदला देण्यास तयार होता. परंतु वाडवडिलांचे वतन विकणे म्हणजे देवाचा अपराध, असे म्हणून नाबोथाने नकार दिला. तेव्हा राणी ईजबेल हिने राजाच्या शिक्क्याची पत्रे धाडली, खोटे साक्षीदार उभे केले, आणि नाबोथाला गावाबाहेर दगडमार झाला. मग राजा मळ्याचा ताबा घ्यायला निघाला. आता अशी कल्पना करा, की त्या ताब्याच्या दिवशी दरवर्षी राज्यात सुट्टी असावी, रोषणाई व्हावी, आणि नाबोथाच्या नातवंडांना सांगावे, "तुम्हीही या, हा आपल्या सर्वांचा सण आहे." ती नातवंडे आली नाहीत, तर त्यांना देशद्रोही म्हणायचे काय? देवाने एलिया संदेष्ट्याला अहाबाकडे पाठवले ते नेमके त्या मळ्यात, ताबा घेतला जात असतानाच. एलियाने राजाला तारखेचे अभिनंदन केले नाही.

कोणी म्हणेल, हा राग आजकाल कोणीतरी शिकवलेला आहे. हे खरे नाही. २६ जानेवारी १९३८ रोजी, वसाहतीच्या दीडशेव्या वर्षी, सिडनीच्या एलिझाबेथ रस्त्यावरील ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये सुमारे शंभर आदिवासी स्त्री-पुरुष जमले आणि त्यांनी तो दिवस शोकदिन म्हणून पाळला. विल्यम कूपर, जॅक पॅटन, विल्यम फर्ग्युसन हे त्यांचे पुढारी. त्यांनी सभागृहाच्या पुढच्या दाराने नव्हे, मागच्या दाराने आत यावे लागले. त्यांनी मागितले काय? सूड नव्हे, नागरिकत्व आणि समान वागणूक. त्याच दिवशी बंदरावर फिलिपच्या आगमनाचे नाट्य सादर झाले. त्यात आदिवासींची भूमिका करण्यासाठी दूरच्या मेनिंडी येथून माणसे आणवली होती. रात्री त्यांना पोलिसांच्या आवारात ठेवले आणि दिवसा त्यांच्याकडून आपल्याच पूर्वजांच्या पळापळीचा अभिनय करवून घेतला. ज्या विल्यम कूपरला स्वतःच्या देशात पूर्ण नागरिकत्व नव्हते, त्यानेच त्या वर्षीच्या डिसेंबरात मेलबर्नमधील जर्मन वकिलातीवर शिष्टमंडळ नेले आणि नाझी राजवटीत ज्यूंचा जो छळ चालला होता त्याचा निषेध नोंदवू पाहिला. दुसऱ्याचे दुःख कसे पाहावे, हे त्या वृद्धाकडून शिकावे.

पुढची वर्षेही या तारखेस मौन राहिलेली नाहीत. २६ जानेवारी १९७२ रोजी चार आदिवासी तरुणांनी कॅनबेरा येथे संसदेसमोरील हिरवळीवर छत्री रोवून आपली 'वकिलात' थाटली. आपल्याच देशात आपण परके आहोत, असा तिचा अर्थ. १९८८ मध्ये द्विशताब्दीच्या दिवशी चाळीस हजारांहून अधिक लोक, आदिवासी आणि त्यांचे गोरे मित्र, सिडनीच्या रस्त्यांवरून चालले. म्हणजे हा आवाज निदान ऐंशी वर्षांहून जुना आहे.

आता दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकू. कारण न ऐकता दिलेला निवाडा हा निवाडा नव्हे.

पहिला आक्षेप परंपरेचा. ही तारीख राष्ट्राच्या रक्तात भिनली आहे, ती कशी बदलावी? उत्तर असे, की ही परंपरा वाटते तेवढी जुनी नाही. २६ जानेवारी हा मुळात एका वसाहतीचा, न्यू साउथ वेल्सचा, वर्धापनदिन. वसाहतीची रीतसर घोषणाही त्या दिवशी झाली नाही. ती ७ फेब्रुवारी १७८८ रोजी वाचली गेली. साउथ ऑस्ट्रेलिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया यांचे स्थापनादिन निराळे होते. सहा वसाहतींचे मिळून एक राष्ट्र झाले ते १ जानेवारी १९०१ रोजी. 'ऑस्ट्रेलिया डे' या नावाने पहिला दिवस पाळला गेला तो ३० जुलै १९१५ रोजी, युद्धातील जखमी सैनिकांसाठी निधी गोळा करण्याकरिता. सर्व राज्यांनी २६ जानेवारीला हे नाव दिले ते १९३५ पर्यंत, केंद्र व राज्ये यांची एकवाक्यता झाली ती १९४६ मध्ये, आणि सर्व राज्यांत नेमक्या २६ तारखेसच सुट्टी देण्याची पद्धत आहे १९९४ पासून. तोपर्यंत सलग सुट्टी साधावी म्हणून जवळच्या सोमवारी सुट्टी घेण्याची रीत होती. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी मिळावी म्हणून जी तारीख हलू शकत होती, ती आपल्याच बांधवांच्या अश्रूंसाठी हलू शकत नाही काय?

तारीख हलल्याने सणाचे सत्त्व जाते, ही भीती आपणां कॅथॉलिकांनी तरी बाळगू नये. प्रेषित संत थॉमस यांचा सण आपले आजोबा २१ डिसेंबरला पाळत. १९६९ च्या उपासना दिनदर्शिकेच्या सुधारणेनंतर तो ३ जुलैला गेला. म्हणून भारताच्या प्रेषितावरील आपली श्रद्धा कमी झाली काय? प्रभूच्या स्वर्गारोहणाचा सण अनेक देशांत गुरुवारऐवजी रविवारी होतो. सण माणसांसाठी असतो. शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, हे तर आपल्या प्रभूनेच शिकवले.

दुसरा आक्षेप पोटाचा. तारीख बदलून कोणाला भाकरी मिळणार? प्रश्न खोटा नाही. तेथील आदिवासींचे सरासरी आयुर्मान इतरांपेक्षा आजही सुमारे आठ वर्षांनी कमी आहे. लोकसंख्येत त्यांचे प्रमाण चार टक्क्यांच्या आत असताना तुरुंगातील कैद्यांत ते सुमारे एक तृतीयांश आहे. तारीख बदलल्याने हे आकडे दुसऱ्या दिवशी सुधारणार नाहीत. पण हा युक्तिवाद करणाऱ्यांस एक विचारावेसे वाटते: तारीख बदलली नाही म्हणून कोणत्या वर्षी त्यांना भाकरी मिळाली? सन्मान आणि भाकरी यांची स्पर्धा लावणे ही धनवानांची जुनी युक्ती आहे. ज्या समाजाला आपण वर्षातून एकदा जाहीरपणे सांगतो, की तुमचा विनाश हा आमचा प्रारंभ, त्या समाजाच्या दवाखान्याविषयी व शाळेविषयी आपण मनापासून कळकळ बाळगू, हे संभवत नाही. अवमान आणि उपेक्षा सख्ख्या बहिणी आहेत.

तिसरा आक्षेप कैद्यांचा, आणि तो मला सर्वांत अधिक विचार करण्याजोगा वाटतो. जहाजांतून आलेले लोक काही राजे नव्हते. भाकरीचा तुकडा वा कापड चोरल्याबद्दल बेड्या घालून आणलेली गरीब माणसे होती. त्यांच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या सहनशीलतेचा दिवस पाळू नये काय? अवश्य पाळावा. कॅथॉलिकांना तर हा इतिहास जवळचा आहे. कारण त्या वसाहतीतील आपले पहिले बंधू आयरिश कैदीच होते. त्यांना अँग्लिकन उपासनेस सक्तीने उभे राहावे लागे. फादर जेम्स डिक्सन हे आयर्लंडमधील १७९८ च्या बंडात भाग घेतल्याच्या आरोपावरून हद्दपार केलेले धर्मगुरू; त्यांना १५ मे १८०३ रोजी सिडनीत उघडपणे मिस्सा अर्पण करण्याची पहिली परवानगी मिळाली. त्यांचा चषक कथिलाचा होता आणि मिस्साची वस्त्रे जुन्या पडद्यांची शिवली होती, असे सांगतात. वर्षभरातच, मार्च १८०४ मध्ये कॅसल हिल येथे आयरिश कैद्यांनी बंड केले आणि ती परवानगी काढून घेण्यात आली. तेव्हा विचारा, १७८८ मध्ये उभारलेला तो ध्वज या कैद्यांचा होता काय? तो त्यांच्या तुरुंगाधिकाऱ्यांचा होता. ज्यांच्या पूर्वजांची मिस्सा त्या ध्वजाखाली बंद पाडली गेली, त्यांना त्याच ध्वजाखाली ज्यांची भूमी गेली त्यांचे दुःख सर्वांआधी कळावयास हवे. कैद्यांचे स्मरण तारखेच्या बदलाने पुसले जाणार नाही. उलट साम्राज्याच्या सावलीतून ते बाहेर येईल.

चौथा आक्षेप असा, की आदिवासींमध्येही एकमत नाही. खरे आहे. सिनेटर जसिंटा नाम्पिजिन्पा प्राइस या स्वतः आदिवासी असून तारीख बदलण्यास विरोध करतात, आणि त्यांच्या मताचा आदर केला पाहिजे. परंतु कोणत्या घरात एकमत असते? दहा भावंडांपैकी दोघांनी वडिलांच्या खुनाचा दिवस विसरावयाचे ठरवले, म्हणून उरलेल्या आठांच्या दारात त्या दिवशी ताशे वाजवावेत, असा न्याय होत नाही.

पाचवा आक्षेप लोकमताचा. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी तेथे सार्वमत झाले. आदिवासींचे म्हणणे संसदेपुढे मांडणारे एक सल्लागार मंडळ घटनेत नमूद करावे, असा तो प्रस्ताव होता. सुमारे साठ टक्के मतदारांनी आणि सहाही राज्यांनी तो फेटाळला. चाचण्यांतही तारीख न बदलण्याकडे बहुमताचा कल दिसतो, आणि आजवर कोणत्याही केंद्र सरकारने ती बदललेली नाही. हे सारे खरे असले तरी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, त्या सार्वमतात तारखेचा प्रश्न विचारलाच नव्हता. आणि तारीख बदलण्यास घटनादुरुस्ती लागत नाही, केंद्र व राज्ये यांचा कायद्याने व सहमतीने निर्णय पुरेसा आहे. दुसरे, बहुमताने काय होईल ते ठरते. काय योग्य, ते बहुमताने ठरत नाही. पिलातासमोरही बहुमत घेतले गेले होते.

आणि लोकमत बदलते, हे त्या देशानेच जगाला दाखवले आहे. २७ मे १९६७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी आदिवासींना जनगणनेतून वगळणारे कलम काढून टाकले. ३ जून १९९२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने मरे बेटावरील एडी माबो यांच्या खटल्यात 'कोणाचीच नसलेली भूमी' ही कल्पना धुडकावली. निकाल ऐकायला माबो जिवंत नव्हते, त्याच वर्षी जानेवारीत त्यांचे निधन झाले होते. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी, आईबापांपासून हिरावून नेलेल्या आदिवासी मुलांच्या पिढ्यांची संसदेत क्षमा मागितली. १ जानेवारी २०२१ पासून राष्ट्रगीतातील एक शब्द बदलला: राष्ट्र 'तरुण' असल्याचा उल्लेख जाऊन ते 'एक' असल्याचा उल्लेख आला, कारण पन्नास हजार वर्षांच्या भूमीला तरुण म्हणणे सयुक्तिक नव्हते. राष्ट्रगीताचा शब्द बदलल्याने राष्ट्र कोसळले नाही.

नवी तारीख कोणती, याचा निर्णय त्या देशाच्या लोकांनी करावयाचा आहे. परंतु तारखा नाहीत, असे मात्र नाही. ९ मे हा दिवस पाहा: १९०१ मध्ये मेलबर्न येथे पहिली संसद, १९२७ मध्ये कॅनबेरा येथील संसदभवन आणि १९८८ मध्ये नवे संसदभवन, तिन्हींचे उद्‌घाटन ९ मे रोजीच झाले. २७ मे आहे, ३ जून आहे. यांतील कोणत्याही दिवशी कोणाचा मळा हिरावला गेलेला नाही.

आता ख्रिस्तसभेविषयी. आपली बाजू निष्कलंक आहे, असे समजून बोलणे खोटेपणाचे होईल. १४५५ मध्ये पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला आणि १४९३ मध्ये पोप अलेक्झांडर सहावे यांनी स्पेनच्या राजांना जे अधिकारपत्र दिले, त्यांच्या आधारे परक्या भूमी 'शोधून' ताब्यात घेण्याचे समर्थन झाले. पोर्तुगीज वसईस व गोव्यास आले ते अशाच पत्रांचे बळ घेऊन; म्हणून या विषयाचा धागा आपल्या किल्ल्यापर्यंत पोहोचतो. ऑस्ट्रेलियातही, ज्या संस्थांत आदिवासींची हिरावलेली मुले ठेवली गेली, त्यांत मिशनांच्या संस्था होत्या. परंतु ख्रिस्तसभेने दुसरी वाणीही उच्चारली आहे. १५३७ मध्ये पोप पॉल तिसरे यांनी अमेरिकेतील मूळ लोकांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावता येणार नाही, असे जाहीर केले. संत पोप जॉन पॉल दुसरे २९ नोव्हेंबर १९८६ रोजी ॲलिस स्प्रिंग्ज येथे आदिवासींना भेटले. त्यांच्या भूमीवरील हक्काला न्याय्य मान्यता देण्यास भेदभाव म्हणता येणार नाही, असे त्यांनी बजावले. आणि आदिवासींचे योगदान आनंदाने स्वीकारले जात नाही तोवर तेथील ख्रिस्तसभा येशूला हवी तशी पूर्ण होणार नाही, असेही सांगितले. हे माबो खटल्याच्या निकालापूर्वी साडेपाच वर्षे. आणि ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने 'शोधाचा सिद्धांत' हा कॅथॉलिक शिकवणुकीचा भाग नाही, असे निःसंदिग्धपणे जाहीर करून तो त्याज्य ठरवला. ज्या सिद्धांताला रोमने त्याज्य ठरवले, त्याच्या वर्धापनदिनाला आपण टाळ्या कशा वाजवाव्यात?

एक वेगळी हकिकतही येथे सांगण्याजोगी आहे. विल्यम कूपर यांच्या विनंतीवरून १९४० पासून तेथील चर्चेस २६ जानेवारीच्या आधीचा रविवार आदिवासींसाठी प्रार्थनेचा रविवार म्हणून पाळू लागली. १९५५ मध्ये तो रविवार जुलैमध्ये नेण्यात आला, कारण तो केवळ निषेधाचा न राहता आदिवासी संस्कृतीच्या आनंदाचाही व्हावा. म्हणजे ज्यांचे दुःख होते, त्यांच्या स्मरणाचा दिवस हलला. ज्यांचा जल्लोष आहे, त्यांचा दिवस मात्र जागचा हलत नाही.

आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश टाकते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. परंतु ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते, त्यांच्यावरील तो कायदा उठला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणून आपले भटके-विमुक्त बांधव ३१ ऑगस्ट हा मुक्तिदिन पाळतात. त्यांना देश प्रिय नाही असे कोणी शहाणा म्हणणार नाही. एका तारखेत सर्वांचे स्वातंत्र्य मावत नाही, एवढेच ते आपल्याला सांगतात. आणि पालघर-डहाणूच्या वारली, कातकरी बंधूंच्या जमिनीचा प्रश्न आपल्या चर्चच्या घंटेच्या आवाजाइतका जवळ असताना, ऑस्ट्रेलियाला उपदेश करून आपले कर्तव्य संपते, असेही कोणी समजू नये. न्यायाचे माप दोन्हीकडे एकच असावे.

राहिला प्रश्न परदेशातील आपल्या मुलांचा. त्यांनी काय करावे? पाहुण्याने घरातील भांडणात पडू नये, असा सल्ला आपण येथून दूरध्वनीवर देतो. पण शपथ घेतल्यानंतर ते पाहुणे राहत नाहीत, मतदार होतात. लाभ घेताना घरचे आणि जबाबदारी आली की पाहुणे, हे बरे नव्हे. २०१७ मध्ये मेलबर्नमधील यारा आणि डॅरेबिन या नगरपरिषदांनी २६ जानेवारीचे समारंभ बंद केले, तेव्हा केंद्र सरकारने त्यांचा नागरिकत्वाची शपथ देण्याचा अधिकारच काढून घेतला. डिसेंबर २०२२ मध्ये नियम सैल झाला आणि तीन दिवस आधी वा नंतर समारंभ करण्याची मुभा नगरपरिषदांना मिळाली. म्हणजे दार थोडे किलकिले झाले आहे. आपली मुले आपल्या नगरपरिषदेकडे, आपल्या खासदाराकडे सभ्यपणे आणि ठामपणे म्हणू शकतात, की आम्हांस हा देश प्रिय आहे, म्हणूनच त्याचा सण सर्वांचा व्हावा असे आम्हांस वाटते. आणि भारतीय या नात्याने ते एक गोष्ट अधिकाराने सांगू शकतात: आमच्या देशाने याच तारखेला साम्राज्याच्या ध्वजाचा अर्थ काय तो ओळखला होता.

मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात प्रभूने एक अडचणीची आज्ञा दिली आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन आलात आणि तेथे आठवले, की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तेथेच ठेवा, आधी जाऊन भावाशी समेट करा, मग येऊन अर्पण करा. ध्यानात घ्या, प्रभू असे विचारत नाही, की भावाचा राग योग्य आहे की अयोग्य, तो राग धरणारे भाऊ किती टक्के आहेत. वेदीवरचे अर्पण जर भावासाठी थांबू शकते, तर आतषबाजी थांबू शकत नाही काय?

नाबोथाच्या कथेचा शेवट बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. एलियाचे शब्द ऐकून त्या दुष्ट अहाबानेही वस्त्रे फाडली, गोणपाट नेसले, उपास केला आणि तो मान खाली घालून चालू लागला. देवाने ते पाहिले, आणि एलियाला त्याकडे लक्ष द्यावयास सांगितले. अहाबासारख्याच्या नम्रतेची ज्याने दखल घेतली, तो देव एका उमद्या, उदार राष्ट्राच्या नम्रतेची दखल घेणार नाही, असे कसे होईल? अहाबाने उपास केला. येथे तर कोणी उपासही मागत नाही. सण दुसऱ्या दिवशी करा आणि त्या दिवशी भावाला बरोबर घ्या, एवढेच मागणे आहे.